वाघमारेबाईंच्या आईचा रंग

सूर्य मधोमध काढू नका. हे वाक्य मी भाईंदरला इतक्या वेळा बोलले आहे, की शेजारच्या गॅलरीतल्या पोपटाला ते पाठ कसं झालं नाही याचंच मला नवल वाटतं. पोपटाला झालं नाही आणि माझ्या विद्यार्थिनींनाही झालं नाही.

या अंकाचे संपादक मला फोनवर म्हणाले, "बाई, तुमचं आयुष्य रंगांच्या सहवासात गेलं. किती आनंदाचं काम! त्यावर लिहा." रंगांनी मला कधी त्रास दिला नाही, हे अगदी कबूल. पण रंग शिकायला माणसं येतात. त्या माणसांनी मला जे काही पिडलं आहे, ते लिहायला बसले तर तुमचा अंक पुरायचा नाही. म्हणून एकाच बाईंबद्दल लिहिते. सगळ्यांत जास्त त्यांनीच पिडलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही गिरगावातल्या दोन खोल्या सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आलो. केबिन रोडच्या मागच्या बाजूला आमची बिल्डिंग. मी कलाशिक्षण घेतलेली, जाहिरातींच्या कामात काही वर्षं काढलेली. पण मुलगी लहान आणि प्रवास लांबचा, म्हणून नोकरी सोडली होती. हॉल मोठा मिळाला होता. तिथे शनिवार-रविवार मोठ्या माणसांसाठी ॲक्रिलिक आणि कोलाजचा क्लास सुरू केला. परीक्षांचे क्लास गल्लोगल्ली होते. मला तसला नको होता. हौसेने शिकणारी, शहाणी, मोठी माणसं हवी होती. तेव्हा माझा असा समज होता, की मोठी माणसं शहाणी असतात.

ॲक्रिलिक हा प्रकार तेव्हा आमच्याकडे नवा. केबिन रोडवरच्या स्टेशनरीवाल्याकडे चौकशी केली तर तो म्हणाला, "ॲक्रिलिक? वो तो स्वेटर का ऊन होता है ना, मॅडम?" रंग मी शहरात जाऊन आणायचे. आणि हा रंग वागायला मोठा तिरसट. पाण्यात कालवता येतो, पण एकदा वाळला की प्लास्टिकसारखा घट्ट होतो, मग कितीही पाणी ओता, सुटत नाही. भाईंदरच्या उकाड्यात तर तुम्ही चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंत वाळलेला असायचा. ब्रश ताबडतोब धुवावा लागतो. आणि बिल्डिंगला पाणी यायचं सकाळी थोडा वेळ. भरून ठेवलेल्या बादलीकडे बघत आमचे हे विचारायचे, "आज अंघोळ ब्रशची की माझी, ते आधी सांग."

पहिल्या दिवसापासून माझा एक नियम होता. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा, एवढ्याच ट्यूब आणायच्या. बाकीचे सगळे रंग यांतून तयार करायचे. हिरवा विकत मिळतो, जांभळा मिळतो, 'स्किन कलर' नावाची गुलाबी रंगाची एक ट्यूबसुद्धा मिळते. ती ज्या कातडीची आहे, ती माणसं निदान ठाणे जिल्ह्यात मी पाहिलेली नाहीत. तयार रंग वापरणाऱ्याला रंग दिसतच नाही, फक्त ट्यूबवरचं नाव दिसतं. हे मी जीव तोडून सांगायचे.

खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन माझ्या सगळ्यांत नियमित विद्यार्थिनी. त्या पर्समध्ये लपवून तयार ट्यूब आणायच्या. पकडलं की म्हणायच्या, "टीचर, दुकान में इतने सारे रंग मिलते हैं तो हम क्यों बनाएं? आप घर में मसाला कूटती हो क्या?" मी मसाला विकतच आणत होते. त्यांच्या प्रत्येक चित्रात दोन डोंगर आणि मधोमध मावळता सूर्य. रचना म्हणजे काय, नजर चित्रात एका बाजूने शिरून फिरत राहिली पाहिजे, मधोमध ठेवलेल्या वस्तूपाशी ती खिळून बसते, हे मी फळ्यावर बाण काढून समजावलं, की त्या मान डोलवायच्या. मग विचारायच्या, "पर दीवाल पे अच्छा कैसे दिखेगा?"

अशा या मेळ्यात एका शनिवारी वाघमारेबाई आल्या. पुष्पा वाघमारे. मीरा रोडला राहायच्या, चर्चगेटच्या एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होत्या. चाळिशीच्या, बारीक, पदर घट्ट खोचलेला. खुर्चीवर टेकल्याबरोबर म्हणाल्या, "टीचर, मला चित्रकला नाही शिकायची."

"मग?"

"माझ्या आईचा रंग तयार करायला शिकवा. बाकीचं मी बघते."

आई परभणीकडच्या एका खेड्यातली. बाई पाच-सहा वर्षांच्या असताना वारली. तिचा एकही फोटो नव्हता. वडिलांनी दुसरं लग्न केलं, थोरला भाऊ वसतिगृहात गेला, आणि घरात आईचं नाव निघेनासं झालं. आता भाऊ औरंगाबादला चांगल्या नोकरीत होता. त्याला घराच्या भिंतीवर लावायला आईचं चित्र हवं होतं. मीरा रोडच्या एका पोर्ट्रेटवाल्याकडून बाईंनी एक करूनही घेतलं होतं. ते त्यांनी मला दाखवलं. गोरीपान, गाल गुलाबी, नाकात मोत्याची नथ. एखाद्या कॅलेंडरवरची लक्ष्मीच.

"ही कोण आहे?" मी विचारलं.

"तेच मीपण विचारलं त्याला," वाघमारेबाई म्हणाल्या.

मी आधी नाही म्हटलं. न पाहिलेल्या माणसाचा रंग मी कुठून शिकवणार? पण बाई उठेचनात. शेवटी मी त्यांना ब्रश दिला आणि तिथून माझा छळ सुरू झाला.

तपकिरी रंग तयार करणं अवघड नाही. पिवळ्यात लाल घाला, जरासा निळा घाला, लागेल तसा पांढरा. निळा कमीजास्त केला की गहूवर्णापासून काळसरापर्यंत सगळ्या छटा मिळतात. वाघमारेबाई छटा करायच्या, कागदावर ठिपका द्यायच्या, डोळे मिटून काहीतरी आठवायच्या आणि म्हणायच्या, "नाही." पुन्हा छटा, पुन्हा डोळे मिटणं, पुन्हा "नाही."

"मग कसा होता ते तरी सांगा!"

"भिजवलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा."

तसा करून दिला. "नाही, एवढा लाल नाही. चुलीवरून उतरवलेल्या मडक्यासारखा." तसाही केला. एकदा मात्र त्या ओरडल्याच, "हाच! टीचर, हाच!" सगळ्या बायका उठून बघायला आल्या. बघेपर्यंत रंग वाळला, आणि ॲक्रिलिक वाळलं की गडद होतं, हे मी ऊर फुटेस्तोवर सांगितलेलं होतं. ओला रंग हव्या त्या रंगापेक्षा फिकाच करायचा असतो. बाई त्या ठिपक्याकडे बघत म्हणाल्या, "गेली." मला इतका संताप आला होता, की त्यांनी 'गेला' न म्हणता 'गेली' म्हटलं, हे माझ्या रात्री स्वयंपाक करताना लक्षात आलं.

त्यांना मी कोलाजचे, रचनेचे धडेही करायला लावायचे. लग्नपत्रिका, मासिकांची पानं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, सगळं फाडून चिकटवायचं. कात्रीने कापलेली कड आणि हाताने फाडलेली कड यांचा स्वभाव वेगळा असतो, ते डोळ्यांना कळावं म्हणून. हंसाबेननी पत्रिकांचा मोर केला. पिसाऱ्यावर सगळीकडे सोनेरी गणपती. वाघमारेबाई कागद फाडून नुसते ढीग करायच्या.

रचना शिकवायला मी एका रविवारी सगळ्यांना भाईंदरजवळच्या मुर्धा गावाला घेऊन गेले. खाडी, जुनी मिठागरं, वाळत घातलेली जाळी. प्रत्येकीच्या हातात पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून दिली. तिच्यातून बघायचं आणि जेवढं दिसेल तेवढंच काढायचं, म्हणजे काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते समजतं. सूर्य आमच्या पाठीमागे होता. हंसाबेननी तरीही तो समोर, दोन होड्यांच्या मधोमध काढला. गावातली एक बाई डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. आम्हाला बघून थांबली. "काय हाय गो हितं बगण्यासारखं? चिखल हाय सगला!"

वाघमारेबाई बांधाच्या खालच्या अंगाला बसल्या होत्या. मी त्यांच्या कागदात डोकावले. त्या थांबलेल्या बाईची कंबर, खोचलेलं लुगडं, पाटी सावरायला वर गेलेला हात, आणि मानेचा थोडा भाग. बस्स. वर कागद संपला होता.

"अहो, हिचं मुंडकं कुठे गेलं?" मी वैतागून विचारलं. "खिडकी वर धरा जरा!"

त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला. "टीचर, मी केवढीशी होते. मला आई अशीच दिसायची. कंबर, हात, मान. मी तिच्या मागेमागे चालायची. नाक-डोळे मला आठवतच नाहीत हो. रंग तेवढा आठवतो."

तिथे सगळ्यांदेखत मी पुठ्ठे गोळा करायला लागले. पण पुढच्या शनिवारी मी वाद घातलाच. चेहरा जमत नाही म्हणून पाठमोरी बाई काढणं ही हौशी चित्रकारांची जुनी पळवाट आहे, प्रयत्न तर करा, असं बजावलं. त्यांनी केला. तो चेहरा कुणाचाच नव्हता. खोडून टाकला आणि मोठ्या कॅनव्हासवर मुर्ध्याची तीच रचना घेतली. कंबर, हात, मान, आणि कडेला जरा वळलेला गाल.

रंग मात्र अजून सापडत नव्हता. मी त्यांना सांगून दमले होते, की रंग कधी एकटा नसतो. तोच तपकिरी हिरव्याशेजारी ठेवला की लालसर दिसतो, पिवळ्याशेजारी ठेवला की काळवंडतो. "आई नेसायची काय, ते आठवा. आधी ते ठेवा, मग कातडीचा रंग बघू."

पुढच्या खेपेला त्या एक गाठोडं घेऊन आल्या. आत वाकळ होती, म्हणजे जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. आईच्या लुगड्यांची. बाईंच्या वाट्याला आईचं एवढंच आलं होतं. त्यातला निळा पट्टा धुऊन धुऊन राखेसारखा झाला होता.

"रंगवू नका हे लुगडं," मी म्हटलं. "हेच लावा. कोलाज म्हणजे दुसरं काय? वीतभर कापड पुरे."

"वाकळ कापू?"

"मग पूर्ण वाकळ कॅनव्हासवर चिकटवणार आहात का?"

त्यांनी गाठोडं बांधलं आणि घरी नेलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आणलं, पुन्हा नेलं. असं किती आठवडे चाललं असेल कोण जाणे! दरवेळी मी कात्री शोधून ठेवायचे आणि दरवेळी त्या पदर खोचून, वाकळ मांडीवर घेऊन बसायच्या. हंसाबेन मदतीला धावल्या, "लाओ वाघमारेबेन, मैं काट देती हूं, मेरा हाथ अच्छा है," तेव्हा मी त्यांना जवळपास ढकलूनच खाली बसवलं.

शेवटी एका दुपारी वाघमारेबाईंनी स्वतःच निळ्या पट्ट्याची शिवण उसवली. कापड कापलं. मी बजावून सांगितलं, जुनं कापड आहे, गम पातळ करा, आधी कोपऱ्यात लावून बघा. मी दुसऱ्या कुणाचं चित्र बघायला वळले, आणि तेवढ्यात बाईंनी सुतारकामाचा पांढरा गम मूठभर घेऊन कापडावर सगळीकडे थापला. कापड चिंब झालं. राखाडी निळा गेला आणि त्या जागी काळपट, गर्द निळा आला. आणि गम भिनलेलं कापड वाळल्यावरही तसंच गडद राहतं.

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडले. "एवढं जपलेलं कापड! मी पातळ करा म्हटलं होतं ना? काय म्हटलं होतं मी?"

वाघमारेबाई कॅनव्हासकडे बघत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नवं होतं तेव्हा असंच होतं," त्या हळूच म्हणाल्या. "टीचर, हे असंच होतं. मी विसरूनच गेले होते."

मग त्यांनी ब्रश घेतला. पिवळा, लाल, निळा. एकदाच कालवला. ओला असताना मला तो फारच फिका वाटला, मी बोलणारही होते. तो वाळला, त्या गर्द निळ्याशेजारी बसला, आणि एक हात कॅनव्हासवर आला. जिवंत, उन्हात तापलेला, सावळ्याच्याही पलीकडचा. त्या दिवशी बाईंनी "नाही" म्हटलं नाही. माझे सगळे धडे, फळ्यावरचे बाण आणि आरडाओरडा एकीकडे, आणि ते चित्र जमलं ते माझं न ऐकल्यामुळे. शिक्षकाला यापेक्षा वैताग आणणारी गोष्ट दुसरी नसते.

वर्षाच्या शेवटी स्टेशनजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही प्रदर्शन मांडायचो. त्या रविवारी भाईंदरकरांनी हंसाबेनच्या सूर्यास्तांसमोर गर्दी केली. वाघमारेबाईंच्या चित्रासमोर येऊन लोक म्हणायचे, "वर कापलं गेलं का?" एका गृहस्थांनी तर मला फ्रेमवाला बदलायचा सल्ला दिला.

संध्याकाळी गर्दी ओसरली तेव्हा बाईंचे भाऊ आले. औरंगाबादहून मुद्दाम आले होते. पन्नाशीचे, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. वाघमारेबाई सकाळपासून पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. भाऊ चित्रासमोर उभे राहिले, आणि त्यांची पहिली नजर गेली ती कापडावर.

"वाकळ कापलीस तू, पुष्पे?"

"हो दादा."

"आईची वाकळ? आन् त्याचं हे केलंस? तोंड कुठंय तिचं?"

"मला आठवत नाही तिचं तोंड."

त्यांनी आणखी जवळ जाऊन बघितलं आणि आवाज चढला. "आन् एवढी काळी? आई एवढी काळी नव्हती. उजळ होती आई."

"नव्हती रे दादा."

"मला सांगतेस? मी मोठा का तू?" ते माझ्याकडे वळले. "मॅडम, जरा उजळ करता येईल का हे? घरात लावायचंय. पोरं बघतील, पाव्हणे बघतील."

'जरा उजळ करा' ही मागणी मी त्या गावात इतक्या जणांकडून ऐकली होती, की माझं डोकंच फिरलं. नवऱ्याच्या चित्रात उजळ करा, सुनेच्या चित्रात उजळ करा, एका बाईंनी तर विठोबा उजळ मागितला होता. मी म्हटलं, "करता येईल. त्या पोर्ट्रेटवाल्याने करून दिलेलीच आहे, तीच न्या. गोरीपान आहे. फक्त तुमची आई नाही."

बोलून गेले आणि वाटलं, आता हा माणूस बहिणीचा हात धरून निघून जाणार. पण ते चिडून म्हणाले, "मॅडम, मला सगळं गाव सांगायचं, तू आईवर गेलास. माझाच रंग होता तिचा. हे बघा!" त्यांनी बाहीचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत वर सारली आणि आपला हात कॅनव्हासवर, आईच्या हाताशेजारी टेकवला.

दोन हातांमध्ये कुठे रेघ होती ते शोधावं लागत होतं.

"अरे!" हंसाबेन मागून म्हणाल्या. "सेम टू सेम!"

भावांनी हात काढला नाही. नुसते बघत राहिले, एकदा आपल्या हाताकडे, एकदा तिच्या. मग त्यांची बोटं सरकत निळ्या कापडावर गेली. कापडाच्या विणीवरून त्यांनी अंगठा फिरवला. शाळेचा शिपाई दारात येऊन किल्ल्या वाजवायला लागला. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी बाही खाली केली. बटण लागेना, तसंच सोडून दिलं. बहिणीकडे न बघता म्हणाले, "तुला खरंच आठवत नाही तिचं तोंड?"

"नाही."

"काहीच?"

वाघमारेबाईंनी मान हलवली.

"मला आठवतंय," ते म्हणाले. "लख्ख आठवतंय. कधी कुणी विचारलंच नाही."

वाघमारेबाईंनी भिंतीजवळच्या दोन खुर्च्या ओढून समोरासमोर ठेवल्या. एकीवर भावाला बसवलं, दुसरीवर स्वतः बसल्या, पदर सावरला.

"सांग," त्या म्हणाल्या. "कपाळापासून सांग."